तुझ्या अर्ध्यातली शिट्टी

प्रिय विसराळूबाई,

ओळख बघू, कोण बोलतंय ते. नाही ना ओळखलंस? मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई, बुटकी, नाकपुडीजवळ तीळ, सदा कुरकुरणारी. म्हटलं आधी ओळख करून द्यावी, कारण तुझं विसरणं आता फार पुढे गेलंय. पूर्वी छत्री विसरायचीस, डबा विसरायचीस, एकदा तर पायात दोन वेगळ्या चपला घालून कॉलेजला जाऊन आलीस आणि संध्याकाळी मलाच विचारलंस, की आज सगळे माझ्या पायांकडे का बघत होते गं. ते सगळं मी पोटात घातलं. पण शेवटचं जे विसरलीस ते जरा मोठं होतं, चांगलं हाडामांसाचं. त्यावर येतेच मी, पण सावकाश. मला कसली घाई? मी कुठे जाणार आहे?

अक्षर बघून दचकू नकोस, या वयात काही शाळेत नाव घातलेलं नाही. अक्षर समोरच्या शिवणवालीचं आणि बोलणं माझं. ती जिन्यात, आपल्या दारासमोर मशीनचं स्टूल टाकून बसलीय, आणि मी आत खुर्चीवर. मध्ये जाळीचं दार, आणि त्याला बाहेरून कुलूप. सकाळी तुझा बाप औषधांच्या दुकानात जाताना लावतो आणि संध्याकाळी तुझ्या आईबापांतलं जे आधी घरी येईल ते काढतं. आतलं लाकडी दार मात्र उघडं ठेवलेलं चालतं, हवा खेळावी म्हणून. हवेला परवानगी आहे, मला नाही. शिवणवाली म्हणतेय, आजी, हे नको लिहायला, पोरीला वाईट वाटेल. मी म्हटलं, बाई, तू टाके घाल, कापड माझं आहे.

दिवस कसा जातो म्हणून विचारशील. म्हणजे विचारायला हवं होतंस. सकाळी गॅसचा कॉक बंद होतो, लायटर कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली तुझ्या आईच्या पर्समध्ये. माझा चहा थर्मासात. दुपारपर्यंत त्याला झाकणाची चव येते. मागच्या खिडकीतून तुला आठवतात ना ते पाइप दिसतात, एकावर एक, त्यांतला एक गळतो. तो कुठल्या मजल्यावरचा आहे यावर मी आणि शिवणवालीने बरेच दिवस वाद घातला. आता तोही विषय संपला. मग मी चालते. स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत, तिथे पाय रोवून वळायचं, परत स्वयंपाकघर. डॉक्टरांनी कमरेच्या ऑपरेशननंतर चाल म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मी खालच्या रस्त्यावरून टपरीपर्यंत जायची, तिथल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायची आणि परत यायची. आता नावं ठेवायला माझी मीच उरलेय.

आणि घराचं काय झालंय ते तू बघितलंच नाहीस. विसर पडणाऱ्या माणसाला कसं सांभाळावं याचा एक छापील कागद तुझ्या बापाला डॉक्टरांनी दिला. त्यात म्हणे लिहिलंय, की घरातल्या वस्तूंवर मोठ्या अक्षरांत नावं चिकटवा, म्हणजे रुग्ण गोंधळत नाही. तर माझ्या लेकाने रविवारी दुपारभर बसून, जाड पेनाने, छान वळणदार अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या आणि सगळ्या घराला डकवल्या. साखरेला, मिठाला, माझ्या कपाटाला, संडासाला. माझ्या चष्म्याच्या डबीलासुद्धा. मी त्याच्यामागे फिरत होते, तो एकेक चिकटवून माझ्याकडे बघायचा, आई, दिसतंय ना नीट? मी म्हटलं, दिसतंय रे, फार सुंदर दिसतंय. आईला वाचता येत नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. लहानपणी शाळेतून येऊन पाटीवरचं मलाच वाचून दाखवायचा हा. आता तूच सांग, घरात विसराळू कोण? पण इतक्या प्रेमाने लिहीत होता, की माझी जीभच उचलली नाही, आणि माझी जीभ उचलत नाही म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तुझे ते नेटबॉलवाल्या पोरींचे, अंगावर अक्षर लावायचे बिब आठवतात? आता सगळ्या घराने बिब घातलेत. फक्त सामना होत नाही.

ते बिब याच शिवणवालीने शिवले होते, आणि कडेचे दोरे मी काढले होते. प्रत्येक पोरीच्या छातीपाठीवर एकेक इंग्रजी अक्षर, कुठे दोन. मला नावं कळायची नाहीत, मी आकारावरून ओळखायची. एक घोड्याचा नाल, एक मोडकी शिडी, एक उलटा तंबू. तू मला खेळ समजावून सांगितलास, तेव्हा मी पोट धरून हसले होते. एवढ्या धडधाकट पोरी, आणि बॉल हातात आला की जागच्या जागी उभ्या! बॉल घेऊन पळायचं नाही, फार वेळ धरूनही ठेवायचा नाही, जिच्या अंगावर जे अक्षर तिने तेवढ्याच भागात फिरायचं, रेघ ओलांडली की शिट्टी. मी म्हटलं होतं, हा खेळ नक्की कुणीतरी नव्या नवरीला बघून काढलाय. तेव्हा हसण्यावारी नेलं. आता स्वयंपाकघर ते पुढची खोली करताना रोज आठवतं.

तुला शिट्टी शिकवणारी ती घोगऱ्या आवाजाची थोरली पंचबाई मला फार आवडायची. चहाला आली की आपल्या टेबलावर बशा मांडून शिकवायची. मी डाळ निवडत ऐकायची. मैदानाचे दोन अर्धे, दोन पंच, एक अर्धा तुझा, एक तुझ्या जोडीदारणीचा. तुझ्या अर्ध्यात काय झालं ते तू सांगायचं. तिला दिसलं तरी तिने तुझ्या अर्ध्यात शिट्टी मारायची नाही, आणि तू तिच्या. आणि चूक झाली तर? तू विचारलं होतंस. ती म्हणाली, होणारच, आपण माणसं आहोत. चूक लगेच कळली आणि खेळ थांबलेलाच असेल तर हात वर कर, सगळ्यांना ऐकू जाईल असं माझी चूक म्हण, निर्णय मागे घे. खेळ पुढे गेला असेल तर गिळ आणि सामना संपल्यावर दोन्ही कर्णधारांपुढे जाऊन सांग. पण काही झालं तरी भरपाई करायची नाही. एका बाजूचं चुकून घेतलंस म्हणून तिला मुद्दाम दुसरं काही द्यायचं नाही. तसं केलंस तर पहिली चूक तशीच राहते, आणि दुसरी चूक नसतेच, ती लबाडी असते. तू मान डोलावलीस. मीही डोलावली, आणि हातातले खडे डाळीत परत टाकले.

आता त्या अंतिम सामन्याचं बोलू. अंग चोरू नकोस, मी काही पेपरवाली नाही. त्या दिवशी सकाळी तू स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणालीस, आजी, आज तू ये ना. कडेच्या बाकावर बस फक्त. तू दिसलीस की माझे हात थरथरत नाहीत. बाबांना सांगू नकोस, ते बसने नाही जाऊ देणार तुला, आणि माझ्या शिट्टीचा तर त्यांना आधीच राग, लोकांच्या शिव्या खायला जातेस म्हणतात. येताना मी तुला घेऊन येईन, आणि फाटकाबाहेरच्या भट्टीवरचे गरम शेंगदाणे खाऊ घालीन. मी म्हटलं, शेंगदाण्यांसाठी येते, तुझ्यासाठी नाही. दोघी निघून गेल्यावर, म्हणजे तू आणि तुझी आई, मी चांगली साडी नेसले, काठी घेतली, आणि बस कुठली ते कंडक्टरला विचारत, दोन बसमध्ये चढत-उतरत पोचले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा एवढ्या लांब. तू मैदानात येताना माझ्याकडे बघून शिट्टीवर बोट टेकवलंस. मी काठी उचलली. आठवतंय ना? कुणीतरी आठवायला हवं, कारण ते दोघींनीच बघितलंय.

पुढचं मला सगळं स्वच्छ दिसलं, कारण बाक तुझ्याच अर्ध्यात होता. ती उंच पोरगी, मोडक्या शिडीवाली, हवेत बॉल झेलून दोन्ही पायांवर उतरली, धप्प. मग एक पाय रोवून दुसरा फिरवला. हे चालतं, तूच मला ओट्याला धरून करायला लावलं होतंस. तिने बॉल उचलला, खांबावरच्या कड्यात टाकला आणि तेवढ्यात तुझी शिट्टी. पाऊल. पाय चुकला म्हणालीस, तिचा गोल रद्द. तिचं तोंड उघडंच राहिलं. पलीकडच्या अर्ध्यातल्या तुझ्या जोडीदारणीने बघितलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी सुटलेली नव्हती गं. आणि तुझा चेहरा मला माहीत आहे, तुला त्याच क्षणी कळलं होतं. खेळ थांबलेला होता. हात वर करायचा होता. तू केला नाहीस. थोड्या वेळाने, त्याच बाजूच्या पोरीला राखणारीने बोटही लावलेलं नसताना तू धक्का म्हणून शिट्टी दिलीस, राखणारीला बाजूला उभं केलंस आणि त्यांना आयता गोल दिलास. भरपाई. सामना एका गोलाने संपला. मग हरलेल्या पोरी तुझी दुसरी शिट्टी घेऊन ओरडायला लागल्या, जिंकलेल्या पहिली. त्यांचे आईबाप उठून मैदानात आले, कुणी फोन धरून चित्र काढत होतं, आणि तू पिशवी छातीशी धरून मागच्या दाराने गेलीस. माझ्या समोरून गेलीस. इतक्या जवळून, की हात लांबवला असता तर ओढणी हाताशी आली असती. पण तू मान वर केली नाहीस, आणि मला वाटलं, भोवतीची माणसं निवली की येईल परत.

मैदान रिकामं झालं. खांब काढून आत नेले. भट्टीवाला कोळसे विझवून गेला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ऊन उतरलं तेव्हा रखवालदार आला, आजी, कुणाबरोबर आलात? मी म्हटलं, कुणाबरोबर नाही. कशाला आलात? सहज. घर कुठे? मी गप्प. तुला शब्द दिला होता ना, आणि आत्ता येशील असं वाटत होतं. त्याने माझ्या पिशवीच्या आतल्या बाजूला तुझ्या बापाने लिहून ठेवलेला नंबर शोधला आणि फोन केला. माझा लेक धावत आला. दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगात, घामाने चिंब, आणि चेहरा असा, की मी त्याला पाळण्यातसुद्धा इतका घाबरलेला पाहिलेला नाही. आई, इथे कशी आलीस? मी म्हटलं, सहज. माझ्या त्या एका शब्दावर त्याने शिट्टी फुंकली, आई भरकटली.

मग डॉक्टर. तरुण होता बिचारा, हसरा. आज तारीख काय? मी म्हटलं, तुमच्या मागे भिंतीवर लटकलीय, मला कशाला विचारता? राज्य कुणाचं आहे? मी म्हटलं, आमच्या घरात सुनेचं, तुमच्या घरात कुणाचं? मला वाटलं गप्पा चालल्यात. तुझा बाप हसला नाही. मग त्याने हातात पेन्सिल दिली, घड्याळ काढून दाखवा. अगं, मी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. मी भाकरीसारखा गोल काढला, तो भाकरीसारखाही आला नाही. आकडे लिहा म्हणाला. मी पेन्सिल परत दिली. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याशी न बोलता माझ्या लेकाशी बोलायला लागला, हळू आवाजात, जसं झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून बोलतात. त्याच आठवड्यात कुलूप आलं. संध्याकाळी ते काढताना तुझा बाप आधी जाळीतून हाक मारतो, आई, आहेस ना? मी म्हणते, बघते आत आहे का. पूर्वी त्याला हसू यायचं.

आता ती गोष्ट, जी सांगायला शिवणवालीचं शिवण खोळंबवून ठेवलंय. कुलूप लागल्यावर मी तुझा शब्द मोडला. लेकाला सांगितलं, मी भरकटले नव्हते, मला नातीने बोलावलं होतं. त्याचे डोळे असे लकाकले गं! त्याला ते खरं असायला हवं होतं. त्याने तिथेच तुला फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला, आणि विचारलं, तू आजीला बोलावलं होतंस का? मी जवळच बसले होते. तू म्हणालीस, नाही बाबा. मला तुझं कळतं. सगळीकडून लोक तुटून पडले होते, मैत्रिणीच्या घरी कोंडून घेतलं होतंस, त्यात आजीला बाकावर विसरले हे कुठल्या तोंडाने सांगणार होतीस. नंतर त्या लांबच्या शहरात नोकरी धरलीस, शिट्टी इथेच खिळ्याला टांगून गेलीस, आणि तेव्हापासून दर आठवड्याला खोका पाठवतेस. मऊ बिस्किटं, मऊ शाल, कमरेला तेल. खोका जाळीतून येत नाही, म्हणून शिवणवाली पुडे काढून एकेक आत सरकवते, पिंजऱ्यात दाणे टाकावेत तसे. मी खाते. पण थोरल्या पंचबाईने काय सांगितलं होतं? भरपाई करायची नाही.

या कुलपाची एक किल्ली शिवणवालीकडे असते, आग लागली, मी पडले, तर असावी म्हणून. समोर तिच्या घरात मशीनच्या वर खिळ्याला आहे, इथून मला दिसते. मागितली तर ती देईल, म्हणूनच मी मागत नाही. तिच्यावर विश्वास टाकलाय माझ्या लेकाने. आणि पळून जाऊन मी कुठे बसू? मला टपरीच्या बाकावर बसायचंय, शहाणी म्हणून. ती म्हणाली, मी सांगू का तुमच्या मुलाला? मी म्हटलं, तुला दिसलं असलं तरी हा अर्धा तुझा नाही. माझाही नाही, माझं बोलणं आता या घरात आजाराचं लक्षण झालंय. येत्या रविवारी तुझे बाबा मला एक जागा दाखवायला नेणार आहेत. चांगली जागा आहे म्हणतात, बाग आहे, नर्स आहेत, दाराला कुलूप नाही. मी सुनेला विचारलं, मग दार उघडतं कसं? ती तिकडे तोंड करून म्हणाली, आकडे दाबायचे असतात, आई. आकडे, गं पोरी. मला! तेव्हा ऐक. खेळ अजून थांबलेला आहे, रविवारपर्यंत थांबलेला आहे. फोन करू नकोस, फोनवर तू नाही म्हणतेस. ये. बापासमोर उभी राहा, हात वर कर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तुझं ते वाक्य म्हण. तो रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, आणि मग चिठ्ठ्या काढायला तुलाच स्टुलावर चढवेल. मी तुला काही म्हणणार नाही. छळेन फक्त, ते तर मी अशीही छळते. आणि आता बिस्किटं पुरेत, पाठवू नकोस. फाटकाबाहेरच्या त्या भट्टीवर जा, मैदानाच्या अंगाने जावं लागेल, गेलीस तरी काही होत नाही, खांब चावत नाहीत. खारे शेंगदाणे घे, सालासकट, कागदाच्या पुडीत, आणि पुडी ओढणीत गुंडाळून घेऊन ये. गार झालेले मी जाळीतून आत घेणार नाही.

तुझीच,
बाकावरची आजी